इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या कार्यशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जात नाही अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या कार्यशाळांत मी आधी शिकायला बसले आणि आता त्या घेते. नाव नोंदवताना फोनवर, मधल्या सुट्टीत दाराशी, आणि सगळे निघून गेल्यावर हळू आवाजात जे प्रश्न मला विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बहुतेक अनुभवातली आहेत, जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कार्यशाळा, कोर्स आणि परिषद यांत फरक काय?

परिषदेत ऐकायचं असतं, कोर्सच्या शेवटी मूल्यमापन असतं, कार्यशाळेत स्वतः करून बघायचं असतं. इंग्रजी शिक्षकांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटना आहेत. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली टेसॉल आणि १९६७ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली आयाटेफल. दोघींच्या वार्षिक परिषदा भरतात आणि तिथे एका दिवसात दहा विषय कानावरून जातात. कार्यशाळेत विषय एकच असावा, आणि तोही नेमका. 'ऐकण्याचं कौशल्य' हा विषय फार मोठा झाला, 'ध्वनिफीत दुसऱ्यांदा लावण्याआधी वर्गाला काय सांगायचं' हा कार्यशाळेचा विषय. तुम्ही तिथे पाठ आखता, सोबतच्या शिक्षकांना शिकवून बघता, तो फसतो, पुन्हा आखता. सगळे दिवसभर वहीत उतरवून घेत बसले असतील तर ते व्याख्यान झालं, फलकावर काहीही लिहिलेलं असो.

मी पंधरा वर्षं शिकवते आहे. मला आता नवीन काय मिळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण पंधरा वर्षांत हात बसतो तशा सवयीही बसतात, आणि बसलेली सवय ज्याची त्याला दिसत नाही. म्हणून अनुभवी शिक्षकांना मी पहिल्या सत्राआधी एकच काम देते: फोन टेबलावर ठेवून स्वतःच्या तासाची पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा, आणि घरी बसून ती शब्दशः लिहून काढा. विद्यार्थ्यांचे शब्द निळ्या शाईत, स्वतःचे काळ्या.

एका शिक्षिकेने आणलेली पानं मला अजून आठवतात. 'माझ्या वर्गात मुलं भरपूर बोलतात' असं तिचं मनापासूनचं मत होतं. चार पानं काळीभोर होती, आणि निळे शब्द होते 'येस मॅम', 'नो मॅम', 'बुक', 'यस्टरडे'. तिने आधी ते माझ्यापुढे ठेवलं नाही, स्वतःच दोनदा वाचलं. मग म्हणाली, 'प्रश्न विचारते मी आणि उत्तरही मीच देते.' तिच्या प्रश्नानंतरची शांतता आम्ही घड्याळ लावून मोजली. कुठेही दोन सेकंदांच्या वर गेली नव्हती.

ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना हेच टिपलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात. त्या वर्गांत मुलं स्वतःच्या भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत तर प्रश्न आधी कळावा लागतो, मग उत्तर सुचावं लागतं, मग शब्द जुळवावे लागतात, आणि मग सगळ्यांसमोर तोंड उघडायचं धाडस करावं लागतं. एवढं सगळं एका सेकंदात कुणाला जमेल?

त्या शिक्षिकेने पुढचा महिनाभर एकच बदल केला. प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजायचे. आधी उत्तर शेजारच्याला सांगायचं, मग वर्गाला. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये निळी शाई दुसऱ्या पानापासून दिसायला लागली.

माझं स्वतःचं इंग्रजी अस्खलित नाही. लाज वाटते. यावं का?

यावं. हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मला मोठ्याने द्यायचं आहे.

जगात इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकी बहुसंख्य शिक्षकांची ती मातृभाषा नाही. हंगेरीतले अभ्यासक पीटर मेजेश यांनी १९९० च्या दशकात अशा शिक्षकांच्या जमेच्या बाजू मांडल्या: आपण स्वतः ही भाषा शिकलेलो असतो, त्यामुळे विद्यार्थी कुठे अडखळेल ते आपल्याला आधी कळतं, आणि आपण त्याच्यासमोरचं गाठता येण्यासारखं उदाहरण असतो. टेसॉल संघटनेनेही २००६ साली, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या शिक्षकांशी भेदभाव करण्याविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली.

एक साधं उदाहरण घ्या. मराठी बोलणारा विद्यार्थी 'आय हॅव फीव्हर सिन्स थ्री डेज' म्हणतो. हे वाक्य कुठून आलं ते मराठी शिक्षकाला शोधावं लागत नाही. 'तीन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींत आपलं 'पासून' एकच आहे. इंग्रजीत मात्र कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' अशी वाटणी होते. तसंच उच्चाराचं. इंग्रजीत पश्चिम दिशा आणि बनियन हे दोन वेगळे शब्द आहेत, एक ओठ गोल करून म्हणायचा, दुसरा खालच्या ओठावर दात टेकवून. आपण दोन्ही 'वेस्ट' असेच लिहितो आणि 'वेस्ट' असेच म्हणतो. ज्याला ही अडचण स्वतःला आली आहे, तो ती आरशासमोर उभं राहून दाखवू शकतो.

तरीही भाषेवर काम करायला हवं, ते टाळू नये. अभ्यासक्रमाच्या वरचं, स्वतःच्या आवडीचं काहीतरी रोज वाचा आणि ऐका. कार्यशाळा शक्यतो इंग्रजीत चालते त्याचं एक कारण हेच आहे. पण अडलं की मराठीत विचारायची मोकळीक प्रत्येक चांगल्या कार्यशाळेत असते. नसेल तर ती मागा.

कार्यशाळेत पहिल्या तासाला परक्याच भाषेचा पाठ का देतात?

ज्यांनी तो अनुभव घेतला ते विसरत नाहीत, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटेसॉल या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमात तर अनोळखी भाषा शिकण्याचा अनुभव हा सक्तीचाच भाग आहे.

मी वीस मिनिटं स्वाहिली शिकवते. दारातून आत येताना 'हुजांबो' म्हणते आणि त्यानंतर इंग्रजी किंवा मराठीचा एकही शब्द उच्चारत नाही. पुस्तक उचलते: 'हिकी नी किताबू.' चेहरे उजळतात, किताब ओळखीची असते. मग खुर्चीवर हात ठेवते: 'हिकी नी किती.' आता गडबड उडते. 'किती' म्हणजे कितीला आहे असं विचारते का ही? एकजण बोटं दाखवून मोजायला लागतो. मी पुन्हा खुर्चीवर हात ठेवते, पुन्हा म्हणते, आणि थांबते. खुर्चीला तिथे किती म्हणतात हे कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि वर्गभर सुटकेचा श्वास ऐकू येतो. मग पेन उचलते: 'हिई नी कलामू.' कलम कळतं, पण आतापर्यंत 'हिकी' होतं ते 'हिई' कसं झालं? सगळ्या कपाळांवर आठ्या. नियम मी सांगत नाही. आणखी वस्तू दाखवत जाते, तेव्हा तिसऱ्या ओळीतून कुणीतरी म्हणतं, की ज्या नावाची सुरुवात 'की'ने होते त्याला 'हिकी' लागतं. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात, त्यातला एक वर्ग त्याने स्वतः शोधून काढलेला असतो.

वीस मिनिटांनंतर मी एकच प्रश्न विचारते: काय वाटलं? उत्तरं दरवेळी साधारण तीच येतात. फळ्यावर लिहिलं असतं तर धीर आला असता. माझी पाळी येणार म्हणून पोटात गोळा आला, त्यामुळे आधीच्याने काय म्हटलं ते ऐकूच आलं नाही. सगळ्यांनी एकत्र म्हटलं तेव्हा बरं वाटलं. तुम्ही भराभर पुढे गेलात. सर्वांत पुढे बसलेले दोघे उत्तरं देत होते म्हणून तुम्हाला वाटलं सगळ्यांना कळलं.

हे शेवटचं वाक्य एखादा शिक्षक बोलून जातो आणि मग गप्प होतो. त्या गप्प होण्यासाठी मी हा पाठ घेते.

'समजलं का?' असं विचारण्यात चूक काय?

चूक एवढीच, की उत्तर नेहमी 'हो' येतं. ज्याला समजलं तो हो म्हणतो. ज्याला समजलं असं वाटतं तोही हो म्हणतो, आणि ज्याला काहीच कळलेलं नाही तो सगळ्यात आधी हो म्हणतो, म्हणजे आपल्याला कुणी उठवणार नाही.

त्याऐवजी अर्थ तपासणारे प्रश्न तयार करायला शिकवणं हा कार्यशाळांचा फार जुना आणि उपयोगी भाग आहे. समजा 'ही यूज्ड टू स्मोक' हे वाक्य शिकवलं. आता वर्गाला विचारायचं: तो आता सिगारेट ओढतो का? नाही. आधी ओढायचा का? हो. एकदाच की पुष्कळदा? पुष्कळदा. तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं एका शब्दाची, आणि प्रश्नांत शिकवलेली रचना स्वतः कुठेही नाही. हे शेवटचं पथ्य महत्त्वाचं आहे. 'डिड ही यूज टू स्मोक?' असं विचारलं तर ज्याला रचना कळली नाही त्याला प्रश्नही कळणार नाही.

हे प्रश्न ऐनवेळी सुचत नाहीत. पाठ टाचणातच लिहून ठेवावे लागतात. माझ्या कार्यशाळेत यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त खाडाखोड होते, कारण प्रश्न लिहायला बसलं की आधी त्या रचनेचा अर्थ आपल्याला स्वतःला नेमका सांगता येतो का, हे कळतं. अनेकदा येत नसतो. मलाही 'इव्हन इफ'चे प्रश्न लिहायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

सूचनांचंही तेच. सूचना दिल्यावर 'कळलं ना, काय करायचं?' असं न विचारता एका जोडीला सगळ्यांसमोर पहिला प्रश्न करून दाखवायला सांगा. अर्धं मिनिट जातं आणि पुढची पाच वाचतात.

विद्यार्थ्यांच्या चुका लगेच सुधाराव्यात की नाही?

कशासाठी बोलायला लावलं आहे त्यावर ते ठरतं. नेमकी रचना घोटून घेत असाल तर तिथल्या तिथे सुधारा. मूल काही सांगू पाहत असेल, सुट्टीत काय झालं ते मनापासून सांगत असेल, तर मधे तोडू नका. चुका टिपून ठेवा आणि शेवटी पाच मिनिटांत नावं न घेता फळ्यावर मांडा.

सुधारायची पद्धतही महत्त्वाची. आपण बहुतेकजण काय करतो? मूल म्हणतं 'ही गो टू स्कूल', आपण म्हणतो 'येस, ही गोज टू स्कूल, व्हेरी गुड', आणि पुढे जातो. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी १९९७ साली कॅनडातल्या, फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशाच होत्या, म्हणजे बरोबर वाक्य आपणच म्हणून टाकण्याच्या. आणि मुलांनी दुरुस्तीची दखल सर्वांत कमी घेतली तीही याच पद्धतीत. त्याउलट शिक्षक 'ही...' असं म्हणून थांबले आणि मुलाकडून पुढचं काढून घेतलं, की मूल प्रतिसाद देतंच देतं. 'व्हेरी गुड' ऐकलेल्या मुलाला आपलं वाक्य चुकलं होतं हे कळणार तरी कसं?

वर्गात मराठी वापरली तर कार्यशाळेत नावं ठेवतील का?

जुन्या वळणाच्या काही प्रशिक्षणांत ठेवली जायची. फक्त इंग्रजीतच शिकवा हा आग्रह प्रत्यक्ष पद्धतीच्या (डायरेक्ट मेथड, म्हणजे मातृभाषेचा आधार न घेता शिकवायची पद्धत) काळापासून चालत आला आणि बराच काळ तो धर्मवाक्यासारखा पाळला गेला. आता चित्र बदललं आहे. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या, भाषा किती येते ते एवन ते सीटू या सहा पातळ्यांत मोजणाऱ्या आराखड्याची २०२० साली जी पुरवणी आवृत्ती आली, तिच्यात एका भाषेतला आशय दुसऱ्या भाषेत पोहोचवणं हे स्वतंत्र कौशल्य म्हणून सविस्तर वर्णन केलं आहे.

माझी फूटपट्टी साधी आहे. मराठीच्या एका वाक्याने इंग्रजीची पाच मिनिटं मोकळी होत असतील तर मराठी वापरा. 'सिन्स' आणि 'फॉर'चा घोळ 'पासून'कडे बोट दाखवून एका मिनिटात सुटतो, तिथे दहा मिनिटं हातवारे करण्यात अर्थ नाही. पण इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य म्हणून झालं की लगेच त्याचं भाषांतर करायची सवय मात्र मोडा. मुलांना कळून चुकतं की मराठी येणारच आहे, मग इंग्रजी कान देऊन कोण ऐकेल?

माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, बाक जागचे हलत नाहीत आणि फळा-खडूखेरीज काही नाही. कार्यशाळेतलं तिथे कसं जमणार?

ही तक्रार रास्त आहे. बारा जणांच्या, गालिचा अंथरलेल्या खोलीत केलेली कृती साठ जणांच्या वर्गात तशीच्या तशी चालत नाही, आणि ज्या प्रशिक्षकाने मोठा वर्ग कधी सांभाळलेला नाही त्याला हे सांगूनही पटत नाही. म्हणून नाव नोंदवतानाच तुमचा पट सांगा आणि त्यासाठी काय करून घेणार ते विचारा.

एक कृती इथेच देते, तिला काही लागत नाही. एक सोडून एक ओळीतली मुलं बसल्या जागी मागे वळतात, म्हणजे त्यांची फळ्याकडे पाठ होते आणि मागच्या बाकावरचा जोडीदार समोर येतो. फळ्यावर तुम्ही एक साधं चित्र काढता: घर, शेजारी दोन झाडं, छपरावर मांजर. ज्याला फळा दिसतो त्याने इंग्रजीत सांगायचं, पाठ असलेल्याने वहीत काढायचं. पाच मिनिटांनी सगळे वळून बघतात. मांजर झाडावर गेलेलं असतं, कारण 'ऑन' आणि 'अंडर' नीट पोहोचलेलं नसतं, आणि आता ते शिकायची गरज मुलांना स्वतःलाच वाटते. तीस मुलं एकाच वेळी बोलतात. गोंगाट होतो, म्हणून शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

एका दिवसाच्या कार्यशाळेने खरंच फरक पडतो का?

फक्त एका दिवसाने, फारसा नाही. हे सांगताना मला त्रास होतो, कारण मी स्वतः एका दिवसाच्या पुष्कळ कार्यशाळा घेतल्या आहेत.

२००७ साली अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरचे १३०० हून जास्त अभ्यास चाळले गेले. काटेकोर निकषांवर उतरले ते फक्त ९. ते वाचन, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल होते, इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणाऱ्यांबद्दल नव्हेत, पण त्यांचा निष्कर्ष मी भिंतीवर लावून ठेवला आहे: १४ तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मुलांच्या प्रगतीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. दिसला तो त्याहून जास्त तास चाललेल्या प्रशिक्षणाचा.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून हे मांडलं की सिद्धांत सांगितला, पाठ करून दाखवला, सराव घेतला, त्यावर अभिप्राय दिला, तरी वर्गात बदल क्वचितच उतरतो. त्यासाठी पाचवी गोष्ट लागते, ती म्हणजे शिक्षक आपल्या वर्गात नवं काही करू लागल्यावर शेजारी कुणीतरी असणं. नवी पद्धत पहिल्यांदा वापरली की तास आधीपेक्षा वाईट होतो. मुलं गोंधळतात, वेळ पुरत नाही, आपण अवघडतो. त्या दिवशी बोलायला कुणी नसेल तर दुसऱ्या दिवशी आपण जुन्याकडे परततो, आणि मग 'ते कार्यशाळेत ठीक आहे हो, आमच्या वर्गात नाही चालत' हे वाक्य तयार होतं.

म्हणून एका दिवसाचीच कार्यशाळा असेल तर आयोजकांना विचारा: तीन आठवड्यांनी पुन्हा भेटणार आहोत का? भेटणार नसाल तर तुम्हीच दोघं-तिघं मिळून ठरवून टाका.

कुणी मागे बसून माझा तास बघणार म्हटलं की हातपाय गार पडतात.

साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा तास आजवर फक्त तपासणीसाठी बघितला गेला आहे.

कार्यशाळेतलं पाठ निरीक्षण वेगळं असतं, किंवा असायला हवं. तासाआधी बघणाऱ्याला तुम्ही सांगायचं की त्याने काय बघायचं. 'मागच्या दोन ओळींत कोण किती वेळा बोललं तेवढंच टिपा.' त्याने तेवढंच टिपायचं. तासानंतर आधी तुम्ही बोलायचं. त्याने आकडे दाखवायचे, मत द्यायचं नाही, तुम्ही मागेपर्यंत तर नाहीच. या तीन गोष्टी पाळल्या तर दुसऱ्या खेपेला भीती ओसरलेली असते. बघणाऱ्यालाही पुष्कळ मिळतं. मला स्वतःला तर बघण्यातून जास्त मिळालं आहे.

सुरुवातीला तेही जड वाटत असेल तर सूक्ष्म अध्यापन करा, म्हणजे पाच मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर चार सहकारी. ही पद्धत १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. अध्यापक पदवी घेताना बहुतेकांनी ती गुण मिळवण्यापुरती केलेली असते. अनुभव घेतल्यानंतर पुन्हा केली की तिची खरी किंमत कळते.

ऑनलाइन करावी की प्रत्यक्ष?

व्याकरणाचं विश्लेषण, ध्वनिविचार, प्रश्नपत्रिका तयार करणं हे ऑनलाइन उत्तम होतं. वर्ग कसा हाताळावा, आवाज, उभं राहण्याची जागा, जोड्या लावणं हे प्रत्यक्षच शिका. ऑनलाइन करणार असाल तर कॅमेरा चालू ठेवा आणि सोबत दुसरं काम घेऊन बसू नका.

सगळ्यात चांगली पद्धत कोणती ते एकदा सांगून टाका ना.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून, मुलांना सोडवायला कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. बेंगळुरू प्रकल्प म्हणून तो जगभर अभ्यासला जातो आणि कार्याधारित अध्यापनाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. स्वतःची पद्धत हाताशी असलेल्या याच माणसाने १९९० साली लिहिलं की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच. शिकणं कसं घडतं याबद्दल शिक्षकाची स्वतःची एक जिवंत समज असते, ती जागी असेल तर पद्धत चालते, आणि सवयीने गोठली असेल तर कोणतीही पद्धत निर्जीव होते.

मला हे पूर्ण पटतं. एकच पद्धत विकणाऱ्या कार्यशाळेपासून मी दूर राहते.

प्रमाणपत्राचा उपयोग किती?

उपस्थितीच्या प्रमाणपत्राचा नोकरी मिळवायला फारसा नाही. नोकरी हवी असेल, विशेषतः परदेशात, तर बाहेरून मूल्यमापन होणारा अभ्यासक्रम लागतो. केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान १२० तासांचं शिक्षण आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवणं असतं. ट्रिनिटीचा सर्टटेसॉल किमान १३० तासांचा आहे, त्यातही ६ तास शिकवावं लागतं. टीकेटी (टीचिंग नॉलेज टेस्ट) ही केंब्रिजची शिक्षकांसाठीची वेगळी परीक्षा आहे: प्रत्येक मुख्य भागात ८० वस्तुनिष्ठ प्रश्न, ८० मिनिटं, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाही, १ ते ४ अशी श्रेणी मिळते. तिच्या लेखी भागांत वर्गात शिकवून दाखवावं लागत नाही, त्यामुळे नोकरी सांभाळून करणाऱ्यांना ती सोयीची पडते, पण सेल्टाची जागा ती घेत नाही. ज्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांना एकदाही न शिकवता 'इंग्रजीचे प्रमाणित शिक्षक' होता येतं, त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

एआयची साधनं आल्यावर या कार्यशाळांची गरज उरली आहे का?

उतारा सोपा करणं, सरावाची वाक्यं तयार करणं ही कामं ती झटपट करतात, आणि ती वापरायला शिकावं. तिसऱ्या बाकावरची मुलगी गप्प का आहे ते ओळखणं अजूनही तुमच्याचकडे आहे. शिवाय तयार होऊन आलेला सराव बरोबर आहे की नाही, आणि आपल्या वर्गाला झेपेल का, हे ठरवायला भाषेची जाण आधीपेक्षा जास्त लागते.

मी मुख्याध्यापक आहे. शिक्षकांना पाठवतो, पण काही बदलत नाही.

एकट्याला पाठवू नका, एकाच विषयाच्या दोघांना पाठवा. आळीपाळीने 'या वेळी तुमचा नंबर' असं करू नका, ज्यांना जायचं आहे त्यांना जाऊ द्या. परत आल्यावर अहवाल मागण्याऐवजी दोघांच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास असा मोकळा ठेवा, की एक दुसऱ्याच्या वर्गात बसू शकेल. त्या तासाला बदली शिक्षक म्हणून पाठवू नका. आणि पुढचा एक महिना त्यांच्या वर्गातून आवाज आला तर आत जाण्याआधी दाराशी मिनिटभर उभे राहून ऐका. इंग्रजी ऐकू येत असेल तर परत फिरा.

येताना काय आणू?

तुमचं पाठ्यपुस्तक. कार्यशाळेतली प्रत्येक कृती त्याच्याच पानांवर करून बघायची आहे, आमच्या छापील कागदांवर नाही. एक फसलेलं पाठ टाचण, यशस्वी झालेलं नको. आणि तीन विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या: एक चांगला लिहिणाऱ्याची, एक मधल्याची, आणि एक अशा मुलाची ज्याचं काय करावं ते तुम्हाला कळत नाही. तपासलेल्या नकोत, लाल शाई न लागलेल्या आणा. वह्यांवरची नावं कागद चिकटवून झाका. दुपारचं सत्र आपण त्या तिसऱ्या वहीपासून सुरू करू.